रुई, सरकी आणि बी.कॉम.

संलग्न महाविद्यालयातल्या विभागप्रमुखाच्या हातात अभ्यासक्रम कितीसा असतो? तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये फारच थोडा. पदवीच्या पेपरांचा सांगाडा हैदराबादला राज्याची उच्च शिक्षण परिषद ठरवते, त्यावर वरंगळच्या काकतीय विद्यापीठाचं अभ्यास मंडळ काम करतं, आणि प्रश्नपत्रिकाही विद्यापीठाकडूनच येते. विभागप्रमुखाकडे उरतं ते वेळापत्रक, प्रकल्पांचे विषय, आणि नॅकच्या मूल्यांकनात धरला जाणारा किमान 30 तासांचा जोड-अभ्यासक्रम. हे 30 तास बहुतेक ठिकाणी कागदावर उरकले जातात. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ किंवा ‘संगणक ओळख’ असं नाव, हजेरीपट, प्रमाणपत्रं, समारोपाचे फोटो. मीही अशी प्रमाणपत्रं वाटली जाताना पाहिली आहेत.

मी पैनगंगेच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात वाणिज्य शिकवतो. पांढरकवड्याहून आदिलाबाद तासाभरावर. तिथल्या एका पदवी महाविद्यालयातल्या वाणिज्य विभागाच्या प्रमुख मॅडम मूळच्या मराठी शाळेतल्या, पुढे तेलुगू आणि इंग्रजीतून शिकलेल्या. त्यांनी हे 30 तास गंभीरपणे घ्यायचं ठरवलं आणि बाहेरचा माणूस म्हणून मला बोलावलं. त्यामुळे अभ्यासक्रम कसा घडतो हे मला जवळून पाहायला मिळालं.

पहिलं काम त्यांनी विभागात बसून केलंच नाही. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून विचारलं, आता काय करता? उत्तरं सरळ होती. थोडे बी.एड.ला गेले, थोडे बँकेच्या परीक्षांच्या मागे, काही हैदराबादला. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर. बाकीचे गावात, शेतावर किंवा शहरातल्या दुकानांत. पदवीला साजेसं काम ज्यांना मिळालं होतं ते प्रामुख्याने दोन ठिकाणी: कर-सल्लागारांच्या कचेऱ्यांत आणि जिनिंग मिलच्या हिशेबात.

मग आम्ही मिलमध्ये गेलो. आदिलाबादचा बाजार कापसाचा. मार्केट यार्डाबाहेर हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आपली हमीभावाची खरेदी बरीचशी जिनिंग मिलच्या आवारातच करतं. मॅडमनी मुनीमजींना एकच विचारलं: नवा मुलगा किंवा मुलगी कामाला लागली तर पहिल्या आठवड्यात त्यांना काय यायला हवं? मुनीमजी म्हणाले, “मॅडम, पोराइले डेबिट-क्रेडिट पाठ हाये, पन पट्टी वाचता येत नाई.”

माझ्या मते अभ्यासक्रम त्या वाक्यापासून सुरू झाला.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद: वजन, आर्द्रता, भाव, कपात, हाती येणारी रक्कम. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. हा भाव 8 टक्के आर्द्रतेपर्यंतचा. त्यापुढे दर टक्क्याला भाव एक टक्क्याने उतरतो, आणि 12 टक्क्यांच्या वर सीसीआय कापूस घेतच नाही. म्हणजे 9 टक्क्यांना 8,028 रुपये 90 पैसे, 12 टक्क्यांना 7,785 रुपये 60 पैसे. गणित चौथीच्या मुलाला जमेल असं. पण गाडीशी उभ्या माणसाला मीटरवरचा आकडा का आला, सकाळच्या दवातला कापूस दुपारी का वेगळा दाखवतो, आज परत न्यायचा की वाळवून उद्या आणायचा, हे समजावून सांगणारं कोणी लागतं. तेही त्याच्या बोलीत. आदिलाबादच्या वर्गात मराठी, तेलुगू, उर्दू, लंबाडी, गोंडी, कोलामी बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. आजवर हे इंग्रजीतलं उणेपण म्हणूनच मोजलं गेलं. इथे काट्याजवळच्या टेबलावर एका गोंड मुलीने म्हाताऱ्या शेतकऱ्याला कपातीचा हिशेब गोंडीत सांगितला, तेव्हा मुनीमजी आपलं काम थांबवून ऐकत राहिले.

पुढचे तास मिलच्या आत. इथे मला वाणिज्याचा शिक्षक म्हणून खरा आनंद झाला. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये संयुक्त उत्पादनांचा धडा असतो: एका कच्च्या मालातून दोन माल निघाले तर खर्च कसा वाटायचा. पुस्तकातलं उदाहरण कोणत्या तरी रासायनिक कारखान्याचं, ‘उत्पादन क’ आणि ‘उत्पादन ख’. मुलं सूत्र पाठ करतात. इथे समोर कापसाचा ढीग, यंत्राच्या एका बाजूने रुई, दुसऱ्या बाजूने सरकी. शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई, 64 किलो सरकी, बाकी घट. मॅडमनी मुलांना वजनाप्रमाणे खर्च वाटायला सांगितला. 10 टक्के आर्द्रतेचा एक क्विंटल 7,947 रुपये 80 पैशांचा. 98 किलोवर पसरला तर रुई आणि सरकी दोन्ही किलोमागे 81 रुपयांना पडतात. एक मुलगा लगेच म्हणाला, “मॅडम, सरकी या भावात कोण घेईल?” कोणीच नाही. म्हणून तो खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटायचा. ही पद्धत का आहे, ते सूत्र न सांगता त्यांना कळलं. मग 170 किलोची एक गाठ बांधायला किती कापूस लागेल याचा अंदाज त्यांनी पाठीमागच्या भिंतीवर खडूने मांडला: पाच क्विंटल. यंत्र चालवणाऱ्या माणसाने मान डोलावली.

जीएसटीचं तसंच. नोंदणीकृत मिलने शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा 5 टक्के कर शेतकरी भरत नाही, मिल भरते. ही उलट आकारणी नोव्हेंबर 2017 पासून कापसाला लागू आहे. भरलेला कर पुढे इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, पण भरताना मात्र रोखच भरावा लागतो, जुन्या क्रेडिटमधून वळवता येत नाही. मासिक विवरणात ही रक्कम 3.1(घ) मध्ये दाखवायची आणि क्रेडिट चौथ्या तक्त्यात. पदवीच्या पेपरात यावर दोन गुणांची टीप येते. कर-सल्लागाराच्या कचेरीत मात्र ऑक्टोबर ते मार्च हेच काम असतं.

विभागप्रमुखाचं नेतृत्व कशात असतं, यावर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. मी जे पाहिलं त्यात ते बऱ्याच अंशी वेळापत्रकात होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आदिलाबादच्या वर्गात हजेरी घसरते, कारण मुलं घरच्या वेचणीला जातात. दरवर्षी नोटिसा निघतात, पालकांना बोलावणं जातं. मॅडमनी उलट केलं. जोड-अभ्यासक्रम नेमका त्याच महिन्यांत ठेवला, शनिवार-रविवारी, मिलमध्ये आणि यार्डात. बापाबरोबर गाडी घेऊन आलेला मुलगा त्याच आवारात तासाला बसला. सहकाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. जोड-अभ्यासक्रमाचे तास वर्कलोडमध्ये धरले जातील का? अतिथी प्राध्यापकाला तासाप्रमाणे मानधन मिळतं. विनामोबदला यार्डात उभं राहा असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मॅडमनी त्याला सांगितलंच नाही. ते तास स्वतः घेतले आणि वर्गातले आपले काही तास प्राचार्यांच्या परवानगीने त्याच्याकडे वळवले.

या भागात अशा कामाचा एक जुना आणि मोठा आदर्श आहे, पण वाणिज्य विभागात त्याची आठवण कोणी काढत नाही. जैनूरजवळचं मारलवाई हे गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. 2016 मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाल्यापासून ते कुमुरम भीम आसिफाबादमध्ये मोडतं. जोडेघाटला 1940 मध्ये निजामाविरुद्ध उठाव करणारे गोंड नेते कुमुरम भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या तक्रारींच्या मुळाशी जाण्याचं काम निजाम सरकारने व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेन्डॉर्फ यांच्यावर सोपवलं. 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. वाचनपुस्तकं गोंडी भाषेत, लिपी देवनागरी, कारण आजूबाजूला शिकलेला जो कोणी गोंड होता त्याला मराठीच वाचता येत होती, आणि देवनागरीतून पुढे मराठीकडे जाणं सोपं होतं. त्याच काळात उटनूर भागात अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. त्यांनी गोंडी आणि कोलामीची व्याकरणंही लिहिली.

मारलवाईच्या आखणीतला क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी काम ठरलं: गोंडांच्या गावांत शाळा उघडायच्या आणि तिथे गोंड शिक्षकच नेमायचे. मग त्या कामाला काय यावं लागेल ते ठरलं, आणि त्यावरून पुस्तकं झाली. तिथून निघालेले लोक शिक्षक झाले, काही कारकून, काही वनरक्षक झाले. आपण आज नेमकं उलट करतो. पेपराचं नाव बदलतो, त्याला ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ जोडतो, आणि मग नोकरी देणारा शोधायला निघतो.

मारलवाईतून एक धोकाही शिकण्यासारखा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य फुटलं. किनवट आणि राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला आले, बाकीचं आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. कारभाराची आणि शाळेची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतल्या गोंडी पुस्तकांचं काम संपलं. शिक्षण एकाच सरकारी निर्णयाला बांधलं की निर्णय बदलल्यावर शिकलेला माणूस उघडा पडतो. म्हणून कापसावर आधारलेल्या या 30 तासांबद्दल मी मॅडमना स्पष्ट विचारलं, उद्या सीसीआयची खरेदी आटली तर? त्यांचं उत्तर मला पटलं. कापूस हा फळा आहे, सर. शिकवायचं ते खर्च वाटणं, कराची नोंद आणि माणसाला हिशेब समजावणं. मिल बंद पडली तरी सोयाबीनच्या गोदामात या तिन्ही गोष्टी लागतात. तरीही माझी शंका पूर्ण गेलेली नाही. मुलींच्या बाबतीत तर नाहीच: हंगामात मिलमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चालतं, आणि मुलींना त्या वेळी घरी पोचवायची सोय कोण करणार, याची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही. अभ्यासक्रमात ‘रोजगारक्षमता’ लिहिताना बस किती वाजता सुटते तेही लिहिलं पाहिजे, असं मला आता ठामपणे वाटतं.

या तासांना श्रेयांक नाहीत, हे दुसरं. श्रेयांक पद्धत तेलंगणात 2016-17 पासून आहे, पण जोड-अभ्यासक्रम गुणपत्रिकेत चढत नाही. मूल्यांकनाच्या फायलीत महाविद्यालयाच्या नावावर जमा होतो. ज्या मुलीने हंगामभर पट्ट्या तपासल्या तिच्या हातात वेगळं प्रमाणपत्र येतं आणि मुलाखतीत ते कोणी पाहत नाही. मॅडमनी विद्यापीठाच्या मंडळाकडे मागणी पाठवली आहे: कॉस्ट अकाउंटिंगच्या अंतर्गत मूल्यमापनातला एक भाग अशा प्रत्यक्ष कामाने पुरा करू द्यावा. पेपर तोच, एकक तेच, फक्त पुस्तकातल्या कारखान्याच्या जागी जिल्ह्यातला कारखाना. मागणी इतकी लहान आहे की ती मान्य व्हायला हरकत नसावी. मी माझ्या विद्यापीठातही तीच मांडणार आहे.

दरम्यान पदवी महाविद्यालयांच्या ‘जिज्ञासा’ या विद्यार्थी-प्रकल्प स्पर्धेसाठी विभागाने पुढचा विषय घेतला आहे: डोकरा. आदिलाबादच्या या पितळी ओतकामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलं उषेगावला जाऊन आली. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, मग वितळलेलं पितळ, प्रत्येक टप्प्याचा खर्च त्यांनी वहीत उतरवला आहे. पितळाचा भाव मिळाला, मेणाचा मिळाला, जळणाचा अंदाज बांधला. अडलंय ते मजुरीशी. एका मूर्तीवर नवरा, बायको आणि सासू तिघंही काम करतात, मध्येच शेतावर जाऊन येतात, आणि साचा वाया गेला तर पुन्हा पहिल्यापासून करतात. तो वेळ कोणत्या दराने धरायचा? रोजगार हमीच्या, कुशल कामगाराच्या, की हैदराबादच्या दुकानातल्या किमतीवरून मागे येत? विभागात यावर दोन तट पडले आहेत, आणि पुढच्या बैठकीला येताना मी माझा तक्ता घेऊन यावं असा निरोप आला आहे.