अब्बांच्या डाव्या हातासाठी एक रीळ

जूनच्या मध्यापासून आमच्या घरचे गळ भिंतीला टेकतात ते दसरा-दिवाळीच्या सुमारासच पुन्हा हातात येतात. नाशिकच्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही. गोदावरीला गढूळ पाणी आले, की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले की कमरेपर्यंत, याच चौकशा सुरू होतात. त्या दिवसांत काठावर बसून गळ टाकण्याचा विचार शहाणा माणूस करीत नाही. शिवाय हे दिवस माशांच्या विणीचे. मरळीची जोडी आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्याभोवती पहारा देत फिरते. अशा वेळी आईबाप उचलले, तर थवाच्या थवा इतर माशांच्या पोटात जातो. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी सरकार घालते; तलावावर ती आपली आपणच पाळायची, असे अब्बांनी आम्हांला लहानपणापासून शिकवले.

एरवी हे चार महिने नुसते तळमळण्यात जातात. गेल्या पावसाळ्यात मात्र आम्हा भावंडांना एक काम होते.

मार्चमध्ये अब्बांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर इलाज झाला, अल्लाहचा शुक्र. मे महिन्यात ते काठीशिवाय चालू लागले, बोलणेही स्वच्छ झाले. पण उजव्या हाताची बोटे पुरती मिटेनात. मूठ अर्धी होते, चिमूट होतच नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस! शर्टाचे बटण अम्मी लावून देते याचे त्यांना जेवढे दुःख नव्हते, तेवढे भिंतीवरच्या गळाचे होते. ते कधी बोलले नाहीत. एक दिवस मात्र म्हणाले, “ते सगळं शेजारच्या पोराला देऊन टाका. पडून गंजेल.”

आम्ही दिले नाही. रात्री तिघे भावंडे बसलो आणि हिशेब मांडला, की गळ टाकायला नेमकी किती बोटे लागतात.

दोन प्रकारची रिळे

आपल्याकडे दारणा, मुकणे, गंगापूरच्या काठावर जी रिळे दिसतात, त्यांतली बहुतेक स्पिनिंग प्रकारची असतात. काठीच्या खाली लटकणारी, पुढे तारेची कमान असलेली. त्यांत दोरा फेकताना रिळाची फिरकी फिरत नाही. दोरा तिच्या तोंडावरून वेटोळे सोडत निघून जातो. शिकायला सोपी, रोहू-कटल्यासाठी पिठाचा गोळा लावून बसणाऱ्याला पुरेशी. पण फेकताना काय करावे लागते पाहा. एका हाताच्या तर्जनीने दोरा धरायचा, दुसऱ्या हाताने कमान उघडायची, मग फेकायचे. म्हणजे दोन्ही हातांची नाजूक कामे. अब्बांचे गाडे तिथेच अडले होते.

दुसरा प्रकार बेटकास्टिंग रिळाचा. हे काठीच्या वर बसते. यात फिरकी आडवी असते आणि फेकताना स्वतः गरगर फिरते. अंगठ्याने एक पट्टी दाबली, की फिरकी मोकळी होते. तोच अंगठा फिरकीवर ठेवून ती धरायची, फेकताना उचलायचा, आमिष पाण्याला टेकताना पुन्हा ठेवायचा. हँडल फिरवले, की आतला दात आपोआप बसतो. म्हणजे फेकण्याचे सगळे काम एकाच हाताच्या एका अंगठ्याचे. दुसऱ्या हाताने फक्त दोरा गुंडाळायचा.

हे लक्षात आले तेव्हा आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कारण अब्बांचा डावा अंगठा पूर्ण शाबूत होता.

आणखी एक गंमत आहे. बेटकास्टिंग रीळ उजव्या हँडलचे किंवा डाव्या हँडलचे असे ठरलेलेच येते; स्पिनिंगसारखे हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. उजव्या हाताने फेकणारे लोक उजव्या हँडलचे रीळ घेतात आणि प्रत्येक फेकीनंतर काठी या हातातून त्या हातात करीत बसतात. अब्बा आता डाव्या हाताने फेकणार, काठीही डाव्यातच राहणार. मग बाजारात सहज मिळणारे उजव्या हँडलचे रीळच त्यांना बरोबर बसत होते.

आता दोष. बेटकास्टिंगचा दोष एकच, पण मोठा. फेकीच्या सुरुवातीला फिरकी अतिशय वेगाने फिरू लागते. आमिष हवेत गेले, की हवेच्या अडथळ्याने मंदावते. फिरकी मात्र त्याच वेगाने दोरा सोडत राहते. तो दोरा कुठे जाणार? तिथेच फुगतो आणि विंचरलेल्या केसांचे गुंतवळ व्हावे तसा गोळा होतो. आपाला हे लगेच कळले. ती शिवणकाम करते. “बॉबिनचा स्क्रू ढिला झाला की असंच होतं,” ती म्हणाली. आणि अब्बा येवल्याचे. तिथे संक्रांतीला पतंगाचा मांजा आसारीवर असतो. आसारी सोडायची किती आणि तळव्याने दाबायची कधी, यावर सगळा खेळ. ही गोष्ट आम्हांला पुढे उपयोगी पडली, तेव्हा सुचली नव्हती.

घड्याळजींची विद्या

या रिळाचा इतिहास वाचताना एक गोष्ट समजली. अमेरिकेत केंटकी प्रांतात पॅरिस नावाचे गाव आहे. तिथल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाके घालून असे रीळ बनवले, की हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे व्हावेत. स्वीडनमधल्या आबू कंपनीच्या नावातच ‘घड्याळांचा कारखाना’ दडलेला आहे. १९२१ मध्ये ती सुरू झाली ती घड्याळे करण्यासाठी. मग टॅक्सीचे मीटर केले. दुसऱ्या महायुद्धात मीटरला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा रिळे. जपानची शिमानोसुद्धा १९२१ चीच, पण तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलपासून. मासे धरण्याचे हे यंत्र मासेमारांपेक्षा दातेरी चाकांशी खेळणाऱ्यांनीच घडवले.

म्हणून जुने नाशिकमधल्या एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. आमच्याकडे चाचांचे एक जुने बेटकास्टिंग रीळ पडून होते. चाचांनी ते एका हिवाळ्यात मोठ्या प्रेमाने खोबरेल तेल घालून ठेवले होते. निफाडकडची थंडी आपल्याला माहीत आहे. पहाटे बाटलीतले खोबरेल जिथे दगड होते, तिथे रिळाच्या आतले काय होणार? हँडल उलटे फिरू नये म्हणून आत बारीक रुळांची एक बेअरिंग असते. तेल गोठले, की ते रूळ जागेवर बसत नाहीत. मासा ओढू लागला आणि हँडल उलटे फिरून चाचांच्या बोटांवर आपटले. तेव्हापासून रीळ माळ्यावर.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले, फिरकी काढली, दोन्ही बेअरिंग पांढऱ्या पेट्रोलमध्ये टाकल्या. पेट्रोल तपकिरी झाले. वाळवून त्यांनी सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेतला, अगदी एकच, आणि बेअरिंग पेन्सिलीवर घालून फिरवली. ती फिरतच राहिली. पैसे घ्यायला तयार नव्हते. अम्मीने दिलेला खिमा-समोश्यांचा डबा मात्र घेतला.

तेलपाण्याचा नियम त्यांच्याकडूनच पक्का झाला. जे वेगाने फिरते, त्याला पातळ तेल, तेही थेंबभर. जे दातात दात घालून जोर सोसते, त्याला ग्रीस, तेही पातळ थर. फिरकीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरले तर फेक निम्मी होते. गिअरला नुसते तेल दिले तर ते झिजतात. दोरा डावीकडे-उजवीकडे सरकवणारा जो पेचदार दांडा असतो, त्यात नदीची बारीक रेती हमखास अडकते. जुन्या टूथब्रशने तो साफ करावा. रीळ उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढावा आणि सुटे भाग काढल्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवावेत. खाली पांढरी चादर अंथरावी, कारण एखादी स्प्रिंग उडतेच. आमची उडाली, दोन दिवसांनी झाडू मारताना अम्मीला सापडली.

कशावर खर्च केला, कशावर नाही

इथे आम्ही थोडे वाहवलो, ते कबूल करतो. मोबाईलवर पाहावे तो सिरॅमिक बेअरिंग, रंगीत स्क्रू, कार्बनचे हँडल! धाकट्याने आपल्या वेगळ्या रिळासाठी परदेशातून सिरॅमिक बेअरिंग मागवल्या. कर धरून त्यांची किंमत रिळाच्या निम्म्यावर गेली. फिरकी इतकी सुळसुळीत झाली, की पहिल्याच फेकीला गुंतवळ झाले आणि नवा दोरा कात्रीने कापावा लागला. जास्त फिरणारी फिरकी म्हणजे जास्त तयारीचा अंगठा. तो त्याच्याकडे नव्हता. आपा काही बोलली नाही. फक्त त्या महिन्याच्या वहीत ती रक्कम ‘शौक’ या नावाखाली लाल शाईने लिहिली.

अब्बांच्या रिळात आम्ही तीनच गोष्टी बदलल्या. पहिली, हँडल. मूळ हँडलच्या मुठी शेंगदाण्याएवढ्या. चिमटीत धराव्या लागतात. त्याजागी लांब दांड्याचे, लिंबाएवढ्या गोल फोमच्या मुठींचे हँडल घेतले. ते अर्ध्या मुठीत, नव्हे नुसत्या तळव्यानेही फिरते आणि दांडा लांब असल्याने जोर कमी लागतो. मागवण्यापूर्वी हँडलच्या भोकाचे माप घ्या. बाजारात ७ × ४ आणि ८ × ५ मिलिमीटर अशी दोन मापे जास्त चालतात. आम्ही न मोजता मागवले, चुकीचे आले, परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले.

दुसरी गोष्ट ड्रॅगच्या चकत्या. मासा जोरात ओढू लागला, की दोरा न तुटता हळूहळू सुटावा म्हणून आत चकत्यांचा क्लच असतो. चाचांच्या रिळातल्या जुन्या चकत्या कडक झाल्या होत्या, झटक्याने सुटायच्या. कार्बनच्या चकत्या स्वस्त मिळतात आणि एवढ्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

तिसरी, दोरा. मरळ पाणवनस्पतींत लपते, तिला रबरी बेडकावर धरायचे तर विणलेला मजबूत दोरा हवा. पण तो थेट फिरकीवर बांधला, तर सगळाच्या सगळा निसटून फिरतो. आधी थोडा साधा नायलॉन गुंडाळून त्याला विणलेला दोरा जोडावा. (जिवंत बेडूक काट्याला टोचणारे लोकही काठावर दिसतात. अब्बांना ते कधीच मंजूर नव्हते.)

नवे रीळ घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. खोक्यावर ६.३:१, ८.१:१ असे आकडे असतात. हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे किती फेरे, ते. मोठा आकडा म्हणजे वेग, पण हाताला जड. वयस्कर किंवा अशक्त हाताला ५.४ च्या आसपासचा बरा. चाचांचे रीळ त्याच जातीचे निघाले. बेअरिंगची संख्या पाहून भुलू नका. आणि सात-आठ ग्रॅमहून हलके आमिष फेकायचे असेल, तर साध्या बेटकास्टिंगच्या वाटेला जाऊच नका, स्पिनिंगच घ्या. पिठाचा गोळा लावून रोहूची वाट पाहणाऱ्यालाही आम्ही हे रीळ घ्या म्हणणार नाही.

गच्चीवरची फेक

ऑगस्टमध्ये एका उघडिपीच्या दिवशी रीळ अब्बांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “ग्रीस कुठलं घातलं?” मग गच्चीवर गेलो. काट्याऐवजी दहा ग्रॅमचे रबरी वजन बांधले.

फेकण्याआधी रीळ जुळवून घ्यावे लागते. हँडलच्या बाजूला एक गोल नॉब असते. पट्टी दाबून वजन सोडायचे; ते सावकाश खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबावी, इतपत नॉब आवळायची. दुसऱ्या बाजूला ब्रेकचे आकडे असतात. नवशिक्याने ते वरच्या टोकाला ठेवावेत आणि अंगठा तयार होईल तसे एकेक उतरवावे. आम्ही दहापैकी आठवर ठेवले.

पहिली फेक समोरच्या पाण्याच्या टाकीवर आदळली. दुसरीला गुंतवळ झाले. धाकटा सोडवायला पुढे झाला तर अब्बांनी मानेनेच नको म्हटले आणि रीळ मांडीवर घेऊन डाव्या हाताने एकेक फास काढत बसले. वीस-पंचवीस मिनिटे लागली. तिसऱ्या फेकीच्या आधी त्यांनी अंगठा फिरकीवर नुसता टेकवला, दाबला नाही. वजन गच्चीच्या पार टोकाला, अम्मीच्या पुदिन्याच्या कुंडीजवळ जाऊन पडले आणि फिरकी जागच्या जागी थांबली.

“आसारीच आहे की ही,” अब्बा म्हणाले.

तेव्हापासून पाऊस थांबला की रोज असर ते मगरीब गच्ची त्यांची. उजव्या तळव्याने हँडल फिरवताना सुरुवातीला दहा फेकींत थकत. सप्टेंबरअखेर चाळीसपर्यंत गेले. डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, हा काही इलाज नव्हे, पण करू द्या, फक्त खांदा दुखेपर्यंत नको.

नोव्हेंबरच्या एका रविवारी फजरनंतर दारणेच्या फुगवट्याला गेलो. त्या पाण्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो. आधी विचारून घ्यावे, नाही म्हटले तर परत यावे. नांदूरमध्यमेश्वरकडे तर गळ घेऊन जाऊच नये. ते पक्षी अभयारण्य आहे, त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळालेला आहे. अब्बांसाठी खुर्ची नेली होती, कारण ओल्या काठावर त्यांचा पाय अजून भरवशाचा नाही. पाठीमागे एक जण उभा राहायचा, हे आम्ही आपसांत ठरवले होते. त्यांना सांगितले नव्हते.

सकाळभर मरळ लागली नाही. एकदा बेडकामागे पाणी फुटले, एवढेच. धाकट्याने थर्मासमधून चहा ओतता ओतता ब्रेकचा आकडा पाहिला आणि म्हणाला, “अब्बा, पाचवर आहे. वारा सुटलाय, सहा करू?”

“कशाला?” अब्बा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. “चार कर.”