रॉय जोन्स ज्युनियर आणि सोलचा निकाल
रॉय जोन्स ज्युनियर (जन्म : १६ जानेवारी १९६९, पेन्साकोला, फ्लोरिडा) हा अमेरिकन मुष्टियोद्धा आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये लाइट-मिडलवेट (७१ किलो) गटाच्या अंतिम लढतीत त्याची गाठ यजमान दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनशी पडली. दूरचित्रवाणीवरील मोजणीनुसार जोन्सचे ८६, तर पार्कचे अवघे ३२ ठोसे लागले. तरीही पंचांनी ३-२ असा कौल पार्कच्या बाजूने दिला. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्यास दिला जाणारा व्हॅल बार्कर करंडक मात्र जोन्सलाच मिळाला. त्या निकालावर याहून बोलके भाष्य क्वचितच सापडेल.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला चौकशीत लाचखोरीचा पुरावा आढळला नाही, असे १९९७ मध्ये जाहीर झाले. तत्पूर्वीच, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून गुणदानाची संगणकीय पद्धत आली होती : पाचपैकी किमान तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली, तरच ठोशाचा गुण मिळे.

व्यावसायिक मुष्टियुद्धात जोन्सने चार वजनगटांत विश्वविजेतेपद मिळवले. २००३ मध्ये जॉन रुईझला हरवून तो हेवीवेट विजेताही झाला. आपण हरलो होतो, हे मान्य करणाऱ्या पार्कने २०२३ मध्ये पेन्साकोलास जाऊन आपले सुवर्णपदक जोन्सच्या हाती ठेवले. अधिकृत नोंदीत विजेता म्हणून आजही पार्कचेच नाव आहे.