एका सेन्सरसाठी अख्खा गिअरबॉक्स

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली आणि एरवी मुंबई-पुण्याकडे दिसणाऱ्या वेगवान गाड्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतल्या कपाशीच्या शिवारांमधून धावू लागल्या. अशी गाडी दिसली की लोक इंजिनाची ताकद विचारतात, किंमत विचारतात. गिअरबॉक्सची चौकशी कोणी करत नाही. मला मात्र त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, आणि त्यातही त्याच्या पोटात बसवलेल्या एका लहानशा सेन्सरबद्दल.

यांतल्या अनेक गाड्यांमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स असतो. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात असतानाच चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो, त्यामुळे चाकांची ओढ तुटत नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर ही रचना घासूनपुसून घेतली आणि २००८ मध्ये ‘पीडीके’ या नावाने रस्त्यावरच्या ९११ ला दिली. हा सात गिअरचा बॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीच्या बनावटीचा.

साध्या गाडीत गिअर बसला की नाही हे ड्रायव्हरच्या तळहाताला कळतं. इथे दांड्यावर हातच नाही. तेलाच्या दाबाने गिअर लावणारे शिफ्टर फोर्क सरकतात आणि कोणता फोर्क कुठवर पोहोचला ते संगणकाला सेन्सर सांगतो. फोर्कच्या दांड्याबरोबर एक चुंबक सरकतो, समोर सेन्सर असतो, दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. चुंबक हलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्यावरून जागा कळते. हा निरोप चुकला तर धोका मोठा: एकाच शाफ्टवरचे दोन गिअर एकाच वेळी अडकले तर बॉक्स जॅम होईल. म्हणून निरोपात जराही गफलत दिसली की संगणक तो गिअर वापरणंच बंद करतो. डॅशबोर्डवर इशारा येतो, काही गिअर नाहीसे होतात, कधी रिव्हर्सही पडत नाही. गाडी जेमतेम घरी पोहोचते.

पीडीकेच्या बाबतीत नेमकं हेच दुखणं जगभर गाजलं. सेन्सर तळहातावर मावेल एवढा, पण सुरुवातीची कित्येक वर्षं कंपनी आतले सुटे भाग देत नव्हती. सेन्सर गेला की अख्खा गिअरबॉक्स बदला आणि लाखांचं बिल भरा, एवढाच मार्ग. दात शाबूत, क्लच शाबूत, बेअरिंग शाबूत, तरी सगळा बॉक्स बाजूला! ही उधळपट्टी स्वतंत्र मेकॅनिकांनी मोडून काढली. त्यांनी बॉक्स उतरवून उघडले, पर्यायी सेन्सर तयार करवून घेतले आणि तेच बॉक्स पुन्हा गाडीला चढवले. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासात मूळ शोधाइतकंच हे कामही मोलाचं आहे.

महाराष्ट्राच्या जवळचं उदाहरण फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचं. २०१३ मध्ये आलेली ही चाकणची गाडी. तिच्यात सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा ‘डीएसजी’ गिअरबॉक्स. त्याचे सेन्सर, पंप आणि संगणक ‘मेकाट्रॉनिक’ नावाच्या एकाच घडीव युनिटमध्ये बसवलेले. त्याच वर्षी फोक्सवॅगनने या जातीच्या गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या, त्या तेल बदलण्यासाठी. उष्ण, दमट हवेत कृत्रिम तेलामुळे विजेच्या भागात शॉर्ट होण्याची भीती होती, म्हणून खनिज तेल भरलं गेलं. दोष तेलात असला तरी झळ सेन्सर-संगणकाच्या युनिटला.

चांगला मेकॅनिक स्कॅनरने कोड दाखवला म्हणून लगेच पाना उचलत नाही. कोड एवढंच सांगतो की सिग्नल बरोबर येत नाही. तो आधी बॅटरीचा व्होल्टेज बघतो, कारण बॅटरी मरतुकडी असेल तर संगणक भलतेच कोड देतो. मग सॉकेट काढून आतल्या पिनांवर तेल चढलंय का, हिरवा गंज आहे का ते उजेडात धरून पाहतो. मल्टिमीटर लावून वायरिंग हलवत राहतो. काटा मध्येच पडला तर तुटलेली तार सापडली. बॉक्स उघडल्यावर चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस तो बोटावर घेऊन चोळतो. राखाडी, मऊ मलम असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला खवले टोचले, उजेडात चमकले, तर बेअरिंग किंवा दात जातायत आणि नुसता सेन्सर बदलून काही साधणार नाही. ही पारख स्कॅनरच्या पडद्यावर उमटत नाही.

बाकीचं काम शिस्तीचं. उघडण्याआधी बॉक्स बाहेरून धुऊन घ्यायचा, सील नवे, बोल्ट टॉर्क पान्याने, तेल ठरलेल्या तापमानालाच. शेवटी संगणक प्रत्येक फोर्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून ती टोकं नव्याने लक्षात ठेवतो. याला अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. ते झालं नाही तर नवा कोरा सेन्सरही जुनंच दुखणं दाखवेल.

यंत्र दुरुस्त होण्याजोगं असावं ही अट आकड्यांत मांडणाऱ्या माणसाचा वर्ध्याशी जवळचा संबंध आहे. १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं पारितोषिक जाहीर केलं. किंमत १५० रुपयांच्या आत, वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालणारा, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. ही कलमं मला आजही कोणत्याही गाडीच्या माहितीपत्रकापेक्षा प्रामाणिक वाटतात. पुढे ३० डिसेंबर १९३८ ला त्यांनीच वर्ध्यात मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. ग्रामोद्योगाची अवजारं तिथे पाहायला मिळतात. गांधीजी यंत्रमात्राच्या विरोधात होते असं मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शिलाई यंत्राची त्यांनी तोंड भरून तारीफ केली होती.

पाच टक्क्यांची ती पट्टी आजच्या गाडीला लावून पाहा. एका सेन्सरपायी अख्खा बॉक्स बदलायचा तर हिशेब पहिल्याच बिघाडात कोलमडतो. सेन्सर सुटा मिळाला तर कदाचित पट्टीत बसेलही. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. वर्ध्याच्या गॅरेजवाल्याला आता तीन गोष्टी हव्यात: सेन्सरचा सुटा पार्ट नंबर, बोल्टचे टॉर्क आकडे आणि अ‍ॅडाप्टेशन करू देणारं सॉफ्टवेअर, रास्त दरात.