सावलीचे वृक्ष (भाग ७) : लिंडन आणि गाडीवर पडणारे चिकट थेंब

गेल्या आठवड्यात मेपल पाहिला. आजचं झाडही त्याच थंड मुलखातलं. बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेला जेवढी झाडं आहेत, त्यांतला साधारण तिसरा हिस्सा लिंडनचा आहे. जूनच्या मध्याला ती फुलतात, तेव्हा संध्याकाळी गल्ल्यागल्ल्यांतून मधाळ वास येतो. शहरातला सर्वांत प्रसिद्ध रस्ता ‘उंटर डेन लिंडन’, म्हणजे लिंडनच्या झाडांखालचा. तिथे 1647 मध्ये राजवाड्यापासून शिकारीच्या रानाकडे जाणाऱ्या वाटेवर लिंडन आणि अक्रोड लावले गेले. आजची झाडं मात्र त्या काळातली नाहीत. 1930 च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी जुनी झाडं तोडली गेली, नंतरची युद्धात आणि युद्धानंतरच्या सरपणात गेली. हल्लीची रांग बहुतेक 1950 नंतरची आहे.

आपल्याकडे लिंडन लावू नये. त्याला पानं झडून निवांत झोपायला खरी थंडी लागते, ती पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात मिळत नाही. पण त्याचे नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत. सह्याद्रीतली धामण आणि बाजारात येणारा फालसा पूर्वी लिंडनच्याच कुळात धरले जात. आता हे सगळे भेंडी-जास्वंदाच्या मोठ्या कुळात गेले आहेत. लिंडनच्या आतल्या सालीचा चिवट वाख युरोपात दोरांसाठी वापरत, तसा आपल्याकडे धामणीचाही वापरतात. लिंडन आपल्याकडे लावता येत नाही, म्हणून हा भाग मुख्यतः जर्मनीत, इंग्लंडात किंवा अमेरिकेत अंगण असलेल्या वाचकांसाठी आहे.

लहान पानांचा लिंडन रस्त्याकडेला आणि मध्यम अंगणात चांगला. अमेरिकेत त्याचा सरळ, शंकूसारखा वाढणारा ‘ग्रीनस्पायर’ हा वाण नर्सऱ्यांत सहज मिळतो. मोठ्या पानांचा लिंडन विस्ताराने थोर, त्याला बाग हवी. तिसरा रुपेरी लिंडन. त्याच्या पानांची खालची बाजू पांढुरकी, लवदार असते. लिंडनचं झाड वीस मीटरच्या पुढे जातं आणि शतकं टिकतं, तेव्हा घराच्या भिंतीपासून निदान आठ-दहा मीटर लांब आणि वरच्या विजेच्या तारा पाहूनच जागा ठरवावी.

लावताना सर्वांत जास्त झाडं मरतात ती खोलीमुळे. बुंधा जिथे रुंद होत मुळांत उतरतो, ती जागा जमिनीच्या पातळीवर दिसली पाहिजे. नर्सरीतून येणाऱ्या रोपाचा हा भाग बऱ्याचदा मातीच्या गोळ्यात दोन-चार बोटं गाडलेलाच असतो. म्हणून आधी वरची माती खरवडून तो शोधावा, मगच खड्डा मोजावा. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण रुंदीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. तरटाचं वेष्टन आणि तारेची जाळी निदान वरून आणि बाजूंनी कापून काढावी. गोल गोल फिरलेली मुळं सोडवावीत किंवा छाटावीत. तशीच ठेवली, तर पंधरा-वीस वर्षांनी, सावली नुकती हवी तशी पडू लागलेली असताना, तीच मुळं बुंध्याला फास लावतात. हे नुकसान वरून कोणालाच दिसत नाही, म्हणून इथे घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर पाच-सात सेंटिमीटर लाकडी भुशाचं आच्छादन घालावं, पण ते खोडाला चिकटू देऊ नये.

पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी हेच औषध. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर मुरेल असं द्यावं. 2018 नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत बर्लिनकरांनी रस्त्यावरच्या जुन्या हातपंपांतून बादल्या भरून आपल्या गल्लीतली झाडं जगवली. कोणत्या झाडाला कोणी पाणी घातलं, हे नोंदवायला नकाशाही तयार झाला. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं मीठ लिंडनला सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. दाराशी मिठाऐवजी वाळू टाकावी.

छाटणी हिवाळा सरता सरता करावी. रोप लहान असतानाच दोन शेंडे स्पर्धा करत असतील तर एकच ठेवावा. बुंध्याशी येणारे फुटवे दरवर्षी काढावेत.

आता चिकट थेंब. लिंडनच्या पानांवर मावा पडतो, तो रस शोषतो आणि गोड चिकटा खाली टाकतो. गाड्या, बाकडी, फरशी सगळं चिकट होतं, त्यावर काळी बुरशी चढते. आंब्यावर तुडतुडे आल्यावर कोकणात जे दिसतं, तेच हे. फरक एवढाच की आंब्याचा मोहोर गेला तर बागायतदाराचं वर्ष जातं, लिंडनच्या झाडाचं मात्र काही बिघडत नाही. त्रास फक्त खालच्या गाडीला होतो.

आणि त्या गाड्यांपायी काय घडू शकतं, हे जून 2013 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, विल्सनव्हिल गावी दिसलं. एका दुकानाच्या पार्किंगमधल्या 55 लिंडनवर माव्यासाठी डायनोटेफ्युरान हे कीटकनाशक फवारलं गेलं, आणि झाडं तेव्हा फुलात होती. त्या फुलांवर आलेल्या 50,000 हून अधिक बंबलबी, म्हणजे मधमाश्यांच्या नात्यातल्या गुबगुबीत केसाळ माश्या, मरून खाली पडल्या. आणखी माश्या येऊ नयेत म्हणून अखेर झाडांना जाळ्या गुंडाळाव्या लागल्या. 2015 मध्ये राज्याने डायनोटेफ्युरान धरून त्याच्या गटातली चार कीटकनाशकं लिंडनवर वापरायला कायमची मनाई केली. हे औषध मुळाशी ओतलं तरी रसातून फुलातल्या मधापर्यंत पोचतं, त्यामुळे ‘फवारत नाही, नुसतं जमिनीत घालतो’ या सांगण्याला अर्थ नाही. लिंडनवरच्या माव्यासाठी रसायन वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. ढालकिडे माव्याच्या मागे आपोआप येतात, त्यांना आठवडाभर वेळ द्यावा. गाडी लावायचीच जागा असेल तर रोप घेतानाच रुपेरी लिंडन निवडावा, त्याच्या लवदार पानांवर मावा फारसा टिकत नाही. गाडीवरचे थेंब ताजे असताना कोमट पाण्याने निघतात, वाळल्यावर मात्र साबण लागतो.

फुलांचा चहा युरोपात घरोघर होतो, विशेषतः सर्दी-पडशात. फुलं उमलल्यावर पहिल्या काही दिवसांत, देठाला जोडलेल्या फिकट लांबट पानासकट तोडतात आणि सावलीत वाळवतात. रहदारीच्या रस्त्यावरच्या आणि कधी औषध मारलंय हे माहीत नसलेल्या झाडाची फुलं घेऊ नयेत.

पुढच्या भागात काश्मीरचा चिनार.