सही करण्यापूर्वी जरा थांबा!

मैत्रिणींनो, समजा, सोलापुरातल्या एखाद्या गणवेशाच्या कारखान्यात तुमची अठरा वर्षं गेली. कापड बेतायचं, कापायचं, नव्या मुलींना मशीनवर बसवायचं, सगळं तुमच्याच हाताखाली. आणि एका पगाराच्या दिवशी मालक कागद पुढे सारतात, "ताई, इथं सही करा. सगळेच करताहेत." वाचून पाहता तो काय! 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं सोलापुरात दुसरीकडे हे काम करणार नाही, स्वतःचंही सुरू करणार नाही.'

पोटात गोळा येईल की नाही? ज्या हातांना हेच काम येतं, त्यांनी दोन वर्षं काय करायचं? नाही म्हणावं तर नोकरीची धास्ती, हो म्हणावं तर पुढची वाट बंद.

पण घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम तुमच्या बाजूचं आहे. कुणालाही कायदेशीर कामधंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असं ते सांगतं. आपला चालता धंदा नावलौकिकासकट विकणाऱ्यावर काही बंधन घालता येतं. पगारी माणसाची गोष्ट वेगळी. श्रीरामपूरच्या झहीर खानचं उदाहरण घ्या. जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही कंपनी त्याला अटीत बांधू पाहत होती. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, करार संपला की असं बंधन चालत नाही.

म्हणून लगेच हुरळून मात्र जाऊ नका हं! कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका सुपरवायझरनं पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे १९६७ साली न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे नोकरीच्या मुदतीतलं बंधन पाळावंच लागतं. मालकाची गुपितं, गिऱ्हाइकांच्या याद्या बाहेर नेणंही महागात पडतं. तुमच्या हातातलं कसब मात्र तुमचंच!

तेव्हा कागद आला की एवढं करा. "घरी वाचून सांगते," असं शांतपणे म्हणा आणि प्रत मागून घ्या. 'नोकरीत असताना' आणि 'नोकरीनंतर' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. कोऱ्या कागदावर सही कदापि नको. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात पाच वर्षं सलग काम झालं असेल, तर नोकरी सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क. सही केली नाही म्हणून ती अडवता येत नाही.

वकिलाच्या फीची काळजी वाटते? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना तिथं मोफत सल्ला मिळतो, मिळकत कितीही असो.

आणि सही आधीच करून बसला असाल, तरी रडत बसू नका. तो कागद घेऊन तिथेच जा. भाजी घेताना आपण देठ मोडून बघतो. मग आपल्या पोटापाण्याचा कागद न वाचता कसा घ्यायचा?