पाझराची वाट पाहणारे

१९२७ सालच्या मार्च महिन्यात आठ दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. त्यांपैकी एक आपल्याला तोंडपाठ आहे. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले आणि हजारो अस्पृश्यांनी त्यांच्यामागून ते पाणी घेतले. दुसरी घटना आपल्या सभांतून फारशी सांगितली जात नाही. १२ मार्चला मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारसमोर साधा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत परत जातात. ज्या गतीने काम चालू आहे त्या गतीने शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुलींना तीनशे वर्षे. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते, पण त्याच माणसाकडून दारूवरील कराच्या रूपाने दोन रुपये दोन आण्यांहून अधिक वसूल करते.

या दोन घटना एकाच लढ्याच्या आहेत. महाडचे तळे कागदावर आधीच खुले झालेले होते. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. शाळांचेही तसेच होते. सरकारी शाळेच्या दारावर कुणाच्या जातीचे नाव लिहिलेले नव्हते, तरी आतली मुले कोण आणि बाहेरची कोण हे गाव जाणत होते. वर ठराव करावा, वर पैसा ओतावा आणि मग तो खालपर्यंत आपोआप पोचेल म्हणून थांबावे, या विचारपद्धतीविरुद्ध बाबासाहेब त्या महिन्यात दोन ठिकाणी लढत होते. ही विचारपद्धती आजही जिवंत आहे. विकसनशील म्हणवणाऱ्या देशांच्या आर्थिक आणि शैक्षणिक धोरणांत ती वेगवेगळी नावे घेऊन वावरते. तिचा उगम आणि तिची चाल समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

तिला आपण पाझर सिद्धांत म्हणू. या देशात तिची ओळख आधी शिक्षणात झाली. १८३५ साली मेकॉलेने आपल्या टिपणात लिहिले की सर्व जनतेला शिकवणे आपल्या कुवतीबाहेरचे आहे. म्हणून मूठभरांचा एक वर्ग तयार करावा, आणि पुढे ज्ञान जनतेपर्यंत पोचवण्याचे काम त्या वर्गावर सोडावे. वरच्या वर्गाला शिकवा, विद्या खाली झिरपेल, असा त्याचा अर्थ. १८५४च्या वुडच्या खलित्याने हे धोरण शब्दांत तरी बाजूला सारले आणि बहुजनांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. पण दोनच वर्षांनी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला मुंबई सरकारने नकार दिला. न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी प्रवेश खुला केला तर बाकीचे शाळा सोडतील, ही त्याची सबब होती. खलिता लंडनहून निघाला होता, तो धारवाडच्या शाळेच्या उंबऱ्यावर अडला.

हे का घडले, याचे उत्तर आपल्या दख्खनच्या जमिनीत आहे. आपल्याकडे विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा. वर कितीही पाऊस पडो, खाली काळा पाषाण सलग असेल तर पाणी मुरत नाही, उतारावरून वाहून जाते. जिथे पाषाणाला भेगा असतात तिथेच झरा लागतो. पाझर सिद्धांत मांडणाऱ्याने आपला समाज वाळूचा आहे असे गृहीत धरले होते. तो थरांचा आहे, आणि मधला थर जातीचा आहे, हे त्याच्या हिशेबात नव्हते. किंवा असूनही ते त्याला सोयीचे होते.

हा हिशेब चुकीचा आहे हे सर्वांत आधी स्वच्छ सांगितले ते महात्मा फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारलाच प्रश्न केला. तुमच्या तिजोरीतला पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. हे शिकलेले लोक खालच्यांना शिकवतील असे तुम्ही म्हणता, तर आजवर किती जणांनी ते केले ते दाखवा. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, बहुजनांतून शिक्षक तयार करा, अशी त्यांची मागणी होती. फुल्यांच्या या निवेदनात केवळ शिक्षणाचा विचार नाही, अर्थशास्त्रही आहे. कर कोण भरतो आणि लाभ कोण घेतो, हा प्रश्न विकासाच्या कुठल्याही योजनेला विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले आणि जुना सिद्धांत अर्थशास्त्राच्या वेषात परत आला. राष्ट्रीय उत्पन्न वाढवा, भांडवल साठू द्या, सुरुवातीला विषमता वाढली तरी चालेल, पुढे समृद्धी खाली उतरेल, असे तज्ज्ञ सांगू लागले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६०चे दशक विकासाचे दशक म्हणून जाहीर केले आणि वर्षाला पाच टक्के वाढीचे लक्ष्य ठरवले. शेजारच्या पाकिस्तानात महबूब उल हक हा तरुण अर्थशास्त्रज्ञ नियोजन मंडळात होता. वाढीसाठी काही काळ विषमता सोसावी लागेल, असे त्यानेही लिहिले होते. १९६८ साली त्याच हक यांनी जाहीरपणे सांगितले की देशाच्या उद्योगधंद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग बावीस घराण्यांच्या हाती गेला आहे. वाढ झाली होती, पाझर झाला नव्हता. पुढे १९९० साली त्यांच्याच पुढाकाराने, अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने, मानव विकास अहवाल निघाला. देशाची श्रीमंती मोजताना माणूस किती जगतो आणि किती शिकतो हेही मोजा, असा आग्रह त्यात होता. फुल्यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न जागतिक अर्थशास्त्राच्या दारात पोचायला शंभरावर वर्षे लागली.

पाझराची वाट न पाहता थेट तळाशी पाणी नेले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानात नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तसाच कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. पैसा नाही, ही नेहमीची सबब होती. दोन संस्थानिकांना जे परवडले ते साम्राज्याला परवडत नव्हते!

आफ्रिकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८०च्या दशकात कर्जात रुतलेल्या अनेक देशांना सावकार संस्थांनी खर्चकपातीच्या अटी घातल्या. शिक्षणाचा काही भार पालकांनीही उचलावा असे ठरले आणि प्राथमिक शाळांतही फी व नाना वर्गण्या आल्या. मग मुले गळाली, तेव्हा गरिबांना शिक्षणाची आस्थाच नाही असे म्हटले गेले. हे वाक्य आपल्याही ओळखीचे आहे. २००३ सालच्या जानेवारीत केनियाने प्राथमिक शाळांची फी रद्द केली. शाळेतल्या मुलांची संख्या एका वर्षात सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. पुढच्या वर्षी किमानी मारुगे हा चौऱ्याऐंशी वर्षांचा, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला म्हातारा नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर पहिलीच्या वर्गात जाऊन बसला. आस्था नव्हती असे आता कोण म्हणेल? पण गोष्ट येथे संपत नाही. मुले आली त्या प्रमाणात शिक्षक आणि वर्गखोल्या आल्या नाहीत, एकेका वर्गात शंभरापर्यंत मुले कोंबली गेली. ज्यांना परवडत होते ते खाजगी शाळांकडे वळले. दार उघडणे ही पहिली पायरी झाली. आत बसायला जागा आणि शिकवायला माणूस नसेल तर विषमता दाराबाहेरून दाराच्या आत येते.

आता आपल्याकडे पाहू. राज्यघटनेच्या ४५व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे मुदत उलटल्यावर पन्नास वर्षांनी. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही वर्षांच्या शैक्षणिक धोरणांनी तो आकडा आदराने उच्चारला. आजवर एकाही वर्षी तो गाठलेला नाही.

पैशाच्या या थराखाली दुसरा थर आहे तो मजुरीचा. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब माणसांचा होत नाही, कोयत्यांचा होतो. पोर घरी ठेवायला म्हातारे माणूस नसेल तर ते बैलगाडीवर बसून कारखान्याच्या तळावर जाते, पाचटाच्या कोपीत राहते, धाकट्या भावंडाला सांभाळते. चैत्रात परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. हजेरीपत्रकावर त्याचे नाव असते, त्यामुळे आकडेवारीत ते शिकते आहे. या कोयत्यांत भूमिहीन दलित आणि भटक्या-विमुक्तांची घरे किती आहेत हे तळावर एक फेरी मारली तरी कळते. बाबासाहेबांनी मोजलेली ती ब्याऐंशी मुले आज हजेरीपत्रकात दडून बसली आहेत.

तिसरा थर शासकीय निर्णयांचा. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळा चौदा हजारांवर निघाल्या. कागदावर ही काटकसर आहे. पण वीसपेक्षा कमी पटाची शाळा कुठे असते? वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर आणि वस्तीवर. दोन कोस लांबच्या शाळेत बस जाईलही. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आले की आधी मुलगी घरी राहील.

आणि ज्यांनी हे सर्व थर फोडले त्यांचे काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. पहिल्या वर्षी ती ११४ विद्यार्थ्यांना मिळाली. आज ही संख्या लाखोंच्या घरात आहे. माझ्यासारख्या, घरात पदवीचा पहिला कागद आणणाऱ्या पिढीचा ती पाया आहे. पण २०१७ नंतरची काही वर्षे या योजनेतला केंद्राचा हिस्सा आटला आणि भार राज्यांवर पडला. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राचा वाटा साठ टक्के ठरवण्यात आला, तोवर कितीएक मुलांची वर्षे गेली. माझ्या एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून त्याच्या महाविद्यालयाने त्याचे गुणपत्रक अडवून ठेवले. पैसे जमा झाले तेव्हा तो बापाच्या जागी कोयता धरून गेलेला होता. त्याने मला फोनवर विचारले, "सर, आता त्या पैशाचं काय करू?" मी उत्तर दिले नाही. शासनाच्या दफ्तरी मात्र तो लाभार्थी आहे.

येथे थोडे स्वतःकडेही वळले पाहिजे. आपण शिकलो, नोकरीला लागलो, तालुक्याच्या गावी कॉलनीत घर बांधले. आता आपल्याकडे बोट दाखवून व्यवस्था म्हणते, पाहा, पाझर झाला. आणि आपणही मनातल्या मनात तेच मानू लागतो की आपण वर आलो, यथावकाश वस्तीही वर येईल. मेकॉलेचा सिद्धांत असा आपल्याच घरात राहायला येतो. शिकलेल्या वर्गाने आपल्याला निराश केले, ही खंत बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी बोलून दाखवली होती. ती आपल्याबद्दल होती हे विसरून चालणार नाही.

मग करायचे काय? हक्काच्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. आपल्या गावात ही समिती कोणाच्या घरात बसून ठरते? दिवाळीनंतर वर्गातली किती मुले प्रत्यक्ष बसलेली असतात? स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर झाले का, आणि झाले तर चालते का? शिष्यवृत्तीचे किती अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहेत? हे प्रश्न विचारायला पुढारी लागत नाही. एक वही लागते आणि महिन्यातून एक दिवस लागतो. विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ता हे तिघे मिळून एका तालुक्याची अशी वही भरू शकतात, आणि भरलेली वही ग्रामसभेत, पंचायत समितीत वाचून दाखवता येते.

१२ मार्चला बाबासाहेबांनी सभागृहात आकडे मांडले आणि २० मार्चला ते तळ्यावर गेले. आकडे मांडून ते घरी बसले नाहीत, आणि आकडे नसताना तळ्यावरही गेले नाहीत. आपल्या वस्तीतल्या ब्याऐंशी मुलांची यादी आपल्याजवळ आहे काय, एवढे या अंकाच्या प्रत्येक वाचकाने आधी पाहावे.