जुना संगणक आणि उसना अधिकार

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबविली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेऱ्यांतील यंत्रे नित्याप्रमाणे सुरू झाली, पगारपत्रके निघाली, दाखले छापले गेले. छप्पर गळू लागले की त्याखाली बसणाऱ्यास ते कळते. संगणकाची देखभाल थांबल्याचे मात्र त्याच्यापुढे बसणाऱ्यास कळत नाही. आपल्या शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि लहानमोठ्या कचेऱ्या यांच्या कारभाराशी या न कळण्याचा निकटचा संबंध असल्याने या विषयाचा थोडा तपशिलात विचार करणे अवश्य आहे.

अधिकारांची उतरंड

कोणत्याही कचेरीत सर्वांना सर्व अधिकार नसतात. शिपायाने फाइल न्यावी, उघडू नये. कारकुनाने नोंद करावी, परंतु तिजोरीची किल्ली मुख्य लिपिकाजवळ आणि सही प्राचार्यांची. संगणकाच्या आतही अशीच उतरंड असते. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ‘मल्टिक्स’ या प्रणालीचे काम सुरू झाले. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावयाचे असल्याने तीत अधिकारांची एकात एक अशी वर्तुळे आखण्यात आली. पुढे ‘युनिक्स’ प्रणालीत सामान्य वापरकर्ता आणि सर्वाधिकारी हा भेद रुजला. सॉल्टझर आणि श्रोडर या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७५ मधील आपल्या निबंधात यामागील तत्त्व स्पष्टपणे मांडले: प्रत्येकास आपल्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा.

या उतरंडीत खालच्या पायरीवरील माणसास कोणाच्याही मंजुरीवाचून वरची पायरी गाठू देणारी जी त्रुटी, ती अधिकारवाढीची त्रुटी होय. फसवे पत्र उघडणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या नावाने चोर यंत्रात शिरला, तर एरवी त्याच्या हाती त्या कारकुनाचेच कागद लागतील. परंतु ही त्रुटी त्यास ठाऊक असेल, तर तो पाहता पाहता प्राचार्यांच्या खुर्चीत जाऊन बसतो. मग पहारेकऱ्यास रजा देणे आणि आपण येऊन गेल्याची हजेरीपटावरील नोंद खोडणे, दोन्ही त्यास शक्य होते.

नक्कल आणि अस्सल

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील हत्येविषयी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तिची ऐतिहासिक सत्यता काहीही असो, तिच्यात सांगितलेला धोका खरा आहे. हुकूम खरा, शिक्का खरा, तो बजावणारे हुकमाचे ताबेदार. बदलले ते एक अक्षर, आणि ते बदलणाऱ्याच्या हाती तो अधिकार नव्हता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्स प्रणालीत उघडकीस आलेली ‘डर्टी काऊ’ नावाची त्रुटी याच जातीची होती. केवळ वाचनासाठी दिलेल्या दस्तऐवजावर कोणी लिहू पाहिले, तर प्रणाली त्याला त्या कागदाची खासगी नक्कल काढून देते. लिहावयाचे ते नकलेवर. अस्सल अबाधित राहते. परंतु नक्कल तयार होणे आणि लेखणी कागदावर टेकणे यांच्या दरम्यान एक अतिसूक्ष्म क्षण जात असे. नेमक्या त्या क्षणी ‘नक्कल टाकून द्या’ अशी दुसरी आज्ञा सुटली, तर परवानगीची तपासणी आधीच उरकलेली असल्याने लेखणी थेट अस्सलावर पडे. क्षण हुकला तर पुन्हा प्रयत्न करावयाचा. यंत्रास लाखो प्रयत्नांचाही कंटाळा नसतो. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ही वाट खुली होती. विशेष म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी याच जागेची डागडुजी २००५ च्या सुमारास करून पाहिली होती. पण दुसऱ्या एका जातीच्या यंत्रांवर अडचण उद्भवल्याने ती मागे घेतली गेली.

२०१६ मध्ये ही त्रुटी काही दिवसांतच बुजविण्यात आली. परंतु आपल्या खिशातील बहुसंख्य फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात आणि जुन्या फोनांना उत्पादकांकडून दुरुस्ती क्वचितच पोहोचते. २०१७ मध्ये याच त्रुटीचा लाभ घेणारी फसवी ॲप चाळीसहून अधिक देशांत आढळली, आणि बळी पडलेल्यांत चीन व भारत येथील लोक सर्वाधिक होते.

विंडोजची कथाही वेगळी नाही. जानेवारी २०१० मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने जाहीर केलेली अधिकारवाढीची एक त्रुटी १९९३ पासून, म्हणजे सतरा वर्षे, प्रत्येक आवृत्तीत वारसाहक्काने चालत आली होती. तिचे मूळ होते डॉसच्या काळातील जुने कार्यक्रम नव्या यंत्रांवर चालावेत म्हणून मुद्दाम राखून ठेवलेल्या सोयीत. जुन्या भाडेकरूसाठी ठेवलेला मागचा जिना चोरास उपयोगी पडावा, तसाच हा प्रकार.

दुरुस्तीची दवंडी

नव्या प्रणालींतही त्रुटी असतात. मग जुन्यांचाच बाऊ कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा त्रुटीचीही दवंडी पिटली जाते. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा कार्यक्रम शेजारी ठेवून ताडून पाहिला, की भोक कोठे होते हे जाणत्यास कळते. देखभालीतील यंत्रापर्यंत दवंडी आणि कुलूप बरोबरच पोहोचतात. देखभाल संपलेल्या यंत्राच्या वाट्यास केवळ दवंडी येते.

२०१७ मध्ये जगाने याचा अनुभव घेतला. विंडोजमधील एका त्रुटीवरील दुरुस्ती १४ मार्च रोजी प्रसिद्ध झाली. ही त्रुटी तर परक्या माणसास दुरूनच सर्वोच्च अधिकार मिळवून देणारी होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कार्यक्रमाने तिच्याच आधारे जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८१ विश्वस्त संस्थांचे काम विस्कळित झाले आणि रुग्णांना दिलेल्या हजारो वेळा रद्द कराव्या लागल्या. बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर ‘विंडोज ७’ होते; त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध असूनही ती बसविलेली नव्हती. २००१ सालच्या ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल तर २०१४ मध्येच संपली होती, तिच्यासाठी कंपनीला अपवाद म्हणून खास दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या संकटाने तीच त्रुटी आणि यंत्राच्या स्मृतीतून चोरलेले सर्वाधिकाऱ्यांचे परवलीचे शब्द यांची सांगड घातली. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील काम त्यामुळे कोलमडले आणि त्याचा फटका आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसला.

एका खरेदी समितीची हकिगत

हे सारे दूरचे वाटत असेल, तर स्वतःचा अनुभव सांगतो. एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर मी काही वर्षे होतो. परीक्षा विभागातील संगणक ‘एक्सपी’वर चालत असे, कारण अंतर्गत गुणांचा कार्यक्रम ज्याने लिहून दिला होता तो गृहस्थ गाव सोडून गेला होता आणि नव्या प्रणालीवर तो कार्यक्रम चालत नव्हता. यंत्र बदलण्याची मागणी लागोपाठ तीन वर्षे आली आणि तिन्ही वर्षे ती खोडण्याच्या बाजूने मीच बोललो. जी मालमत्ता आपली सेवा अखंड देत आहे ती मोडीत काढणे अर्थशास्त्राला धरून नाही, असा माझा युक्तिवाद होता. त्या पैशांतून सभागृहास रंग दिला गेला.

पुढे द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विभागप्रमुखांना दाखवून दिले की, प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांच्या साध्या खात्यावरून आपण काही मिनिटांत त्या यंत्राचे सर्वाधिकारी होऊ शकतो, आणि परीक्षा विभागाचे यंत्रही त्याच तारेवर आहे. त्याने एकाही गुणास हात लावला नव्हता. आम्ही त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला आणि त्यास समज दिली. यंत्र आणखी वर्षभर तेथेच होते. त्या बैठकीस मी हजर होतो आणि काही बोललो नाही.

माझ्या युक्तिवादातील चूक मला उशिरा उमगली. टंकलेखन यंत्र वापराने झिजते आणि ती झीज अक्षरे पुसट होऊन डोळ्यांना दिसते. संगणक-प्रणाली वापराने झिजतच नाही. तिचा घसारा आपल्या कचेरीत होत नसून बाहेरच्यांच्या वाढत्या माहितीमुळे होतो. म्हणून तो आपल्या वहीत चढत नाही. दुसरे असे की, बचत आमची होती आणि जोखीम विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांची. एकाच्या निर्णयाचा खर्च तिऱ्हाइतावर पडतो तेव्हा बाजार आपोआप सुधारत नाही, हे पिगू यांनी १९२० मध्येच मांडले. ते मी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो.

कंपन्यांचे काय?

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. ‘विंडोज ११’साठी नव्या पिढीचा प्रोसेसर आणि विशिष्ट सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे सुस्थितीतील असंख्य यंत्रे त्या प्रणालीस अपात्र ठरली आहेत. विक्रेत्याच्या सोयीसाठी गरीब शाळेने धडधाकट यंत्र भंगारात का काढावे? ते काढावेच लागते असे नाही. लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणाली अशा यंत्रांवर उत्तम चालतात. केरळमधील सरकारी शाळांनी हा मार्ग फार पूर्वीच पत्करला आहे. मात्र ‘डर्टी काऊ’ लिनक्समध्येच होती, याचे विस्मरण होऊ नये. देखभालीतून कोणत्याही प्रणालीची सुटका नाही.

मुदत घालून दिली तर बदल घडतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. एटीएम यंत्रांतील कालबाह्य प्रणालींविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सावध केले. प्रगती मंद दिसताच जून २०१८ मध्ये तिने टप्पे ठरवून दिले: सप्टेंबरपर्यंत पाव, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्चपर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे. शिक्षणसंस्था आणि पतसंस्था यांना अशी मुदत कोणी घालून द्यावयाची, हा विद्यापीठांनी आणि सहकार खात्याने विचारात घ्यावा असा प्रश्न आहे.

तोवर स्वतःपुरते करण्याजोगे बरेच आहे. खरेदीच्या वेळी किमतीइतकीच देखभाल संपण्याची तारीख पाहावी आणि ती जडवस्तू नोंदवहीत चढवावी. बदलीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूस ठेवावी. नित्याचे काम सर्वाधिकाऱ्याच्या खात्यावरून करू नये. जुने यंत्र ठेवणे अपरिहार्यच असेल, तर ते इंटरनेटपासून आणि इतर यंत्रांपासून अलग ठेवावे. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत यंत्राबाहेर, कपाटात असावी.

आणि एखादा विद्यार्थी दार उघडे असल्याचे सांगत आला, तर खुलासा त्याच्याकडे मागू नये. तो खरेदी समितीकडे मागावा.